सरकारी ग्रँटवरच्या संशोधनाचं पेटंट काढायचंय? आधी फायलिंग, मग पेपर

"पेपर ॲक्सेप्ट झालाय, पुढच्या आठवड्यात ऑनलाइन येईल, म्हटलं त्याच्या आत पेटंटचंपण उरकून टाकू, फॉर्म कुठला भरायचा?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. हा फोन बरा म्हणायचा, कारण निदान एक आठवडा तरी हातात असतो. रडायला लावणारा फोन वेगळा असतो, "पेपर मागच्या वर्षी आला, सायटेशन पण छान मिळतायत, आता एक कंपनी विचारतीये की पेटंट आहे का?" मग काय, वरातीमागून घोडं.

मी एका संशोधन संस्थेत पेटंटची कागदपत्रं बघते. वकील नाही, पेटंट एजंटही नाही, पण आयसीएमआर, डीबीटी, डीएसटी, बायरॅक असल्या सरकारी पैशांवर चाललेल्या आरोग्य संशोधनातून पेटंटपर्यंत जाताना लोक कुठे कुठे आपटतात ते जवळून बघितलंय, म्हणून हे लिहितीये. भारतातल्या नियमांपुरतंच बोलतीये.

एक उदाहरण धरून चालू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा तुमच्या लॅबने लेप्टोस्पायरोसिससाठी पट्टीवरची झटपट टेस्ट बनवली. तशा टेस्ट बाजारात आधीपासून आहेत, पण तुमची नवी गोष्ट म्हणजे दोन अँटिबॉडींची अशी जोडी की जी तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच जंतूचं प्रोटीन पकडते. पैसा सरकारी, सॅम्पल हॉस्पिटलमधून आलेली, काम एका पीएचडीच्या मुलीने केलेलं, आणि गाइड तुम्ही.

सगळ्यात आधी सँक्शन लेटर काढा

हो, तेच फाइलमधलं तीन वर्षं कोणी न उघडलेलं. त्यामागे "टर्म्स अँड कंडिशन्स"ची पानं असतात, त्यात आयपी, म्हणजे बौद्धिक संपदेचा हक्क, कोणाचा हे लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं पैसा सरकारचा म्हणजे पेटंट सरकारचं, आणि तितक्याच जणांना वाटतं डोकं माझं म्हणजे पेटंट माझं. दोन्ही चूक.

अमेरिकेत यासाठी १९८० चा बे-डोल कायदा आहे, सरकारी पैशातून निघालेलं संशोधन विद्यापीठाने स्वतःकडे ठेवायचं आणि सरकारला वापरायचा काही हक्क राहतो, असा. आपल्याकडे तसाच कायदा करायचं २००८ मधे घाटलं होतं, विधेयक राज्यसभेत मांडलंही गेलं, पण कायदा झालाच नाही. त्यामुळे आपल्याकडे मालकी ठरते ती ग्रँटच्या अटी, संस्थेची आयपी पॉलिसी आणि तुम्ही सही केलेले करार या तीन कागदांवर. डीएसटीच्या २००० सालच्या सूचनांपासून साधारण प्रघात असा की संस्था मालक होते आणि सरकारकडे रॉयल्टी न देता वापरायचा हक्क राहतो, पण एजन्सी बदलली की अटी बदलतात. काही ठिकाणी एजन्सीला जॉइंट अर्जदार करावं लागतं, काही ठिकाणी फाइल करायच्या आधी कळवावं लागतं. तुमच्या पत्रात काय लिहिलंय तेच खरं.

यात गफलत झाली तर काय होतं याचं मोठं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. कोव्हॅक्सिनसाठी विषाणूचा स्ट्रेन पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने दिला, आयसीएमआर आणि भारत बायोटेकने मिळून लस केली, आणि २०२४ मधे बातम्या आल्या की पेटंटच्या अर्जात आयसीएमआरचं नावच नाही. कंपनीने अनवधानाने राहिलं म्हणून सांगितलं आणि नाव घालायची प्रक्रिया सुरू केली. इतक्या गाजलेल्या लसीत हे होऊ शकतं तर आपल्या लेप्टोच्या पट्टीत का नाही होणार?

आणि एक, नुसती नोकरी आहे म्हणून शोध आपोआप संस्थेचा होतो असं आपला पेटंट कायदा म्हणत नाही. संशोधकाने हक्क लिहून द्यावा लागतो, आणि अर्जदार संशोधक सोडून दुसरा कोणी असेल तर हा हक्क कुठून आला त्याचा पुरावा अर्जाबरोबर किंवा नंतर सहा महिन्यांत द्यावा लागतो. तेव्हा पीएचडीची मुलगी परदेशात पोस्टडॉकला उडायच्या आत तिची सही घ्या, नंतर कुरिअर आणि वेगवेगळ्या टाइम झोनमधे जीव जातो. सहीचे शब्दही बघा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विरुद्ध रोश ही केस २०११ मधे सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. एचआयव्ही मोजायच्या तंत्राचं काम, त्यात सरकारी पैसाही होता. संशोधकाने स्टॅनफर्डला "हक्क देईन" असं लिहून दिलेलं आणि नंतर एका कंपनीत काम शिकायला गेला तिथे "याद्वारे हक्क देतो" अशा कागदावर सही केली. स्टॅनफर्ड हरलं. देईन आणि देतो, एवढाच फरक.

शोधक कोण, हा भांडणाचा विषय

पेपरचे लेखक आणि पेटंटचे शोधक या दोन वेगळ्या याद्या आहेत हे मराठीत, इंग्रजीत, हातवारे करून सगळं सांगून झालंय माझं. ज्याने कल्पनेत भर घातली तो शोधक. सॅम्पल देणारे डॉक्टर, मशीन वापरू देणारा विभाग, सांगितलेली जेल चालवणारा, आणि हो, विभागप्रमुख म्हणून विभागप्रमुख, हे आपोआप शोधक नाहीत. उलट ज्या मुलीने ती अँटिबॉडींची जोडी शोधायची युक्ती काढली तिचं नाव वगळून सरांचंच घातलं तर पुढे तोच मुद्दा कोणीतरी पेटंट पाडायला वापरू शकतं. नोटबुकमधे तारखा, सह्या, कोणी काय सुचवलं ते लिहिलेलं असेल तर भांडण पाच मिनिटांत मिटतं. नसेल तर चहा मागवा, वेळ लागणारे.

आधी लगीन कोंढाण्याचं

आता मुख्य गोष्ट. फाइल करायच्या दिवसाआधी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, तुम्ही स्वतः जरी ती गोष्ट सांगितली असेल तर ती जुनी झाली. जर्नलचा पेपर, प्रीप्रिंट, कॉन्फरन्सचं पोस्टर, यूट्यूबवर टाकलेलं लेक्चर, संस्थेच्या वार्षिक अहवालातला परिच्छेद, वर्तमानपत्राला दिलेली मुलाखत, सगळं धरतात.

दोन सापळे विशेष आहेत. एक म्हणजे कॉन्फरन्सचं ॲबस्ट्रॅक्ट बुक. तुम्ही बोलणार शनिवारी, म्हणून शुक्रवारी फाइल केलं आणि निवांत झालात, पण ॲबस्ट्रॅक्टची पीडीएफ तीन आठवडे आधीच साइटवर चढलेली असते. आमच्याकडे हे अगदी असंच झालंय, परीक्षकाने तीच पीडीएफ "डी१", म्हणजे हे आधीच माहीत होतं याचा पहिला पुरावा, म्हणून समोर ठेवली, आणि डी१ मधे आमच्याच मुलाचं नाव. दुसरा सापळा थिसिस. पीएचडीचे थिसिस शोधगंगा या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढवावे लागतात आणि ओपन डिफेन्सला कोणीही येऊन बसू शकतं. म्हणून सिनॉप्सिसच्या वेळीच विचारा, यात पेटंट करण्यासारखं काही आहे का. असेल तर आधी फाइल, मग सबमिशन.

"पण एक वर्षाची सूट असते ना?" अमेरिकेत असते. आपल्याकडे कलम ३१ मधे बारा महिन्यांची सूट आहे पण ती फार अरुंद आहे, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेला पेपर, अशा ठराविक प्रसंगांपुरती. २०२४ च्या नियमांनी ती मागायला फॉर्म ३१ आणला, पण नेहमीच्या जर्नलच्या पेपरला ती मिळेल या भरवशावर राहू नका. युरोपात तर आपण स्वतः छापलेल्याला जवळजवळ सूटच नाही.

फार घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज फाइल करा. त्यात क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ती वाक्यं, लागत नाहीत, आतापर्यंत काय केलं ते नीट लिहिलं की तारीख मिळते आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट सविस्तर वर्णन, द्यायला बारा महिने मिळतात. मात्र "नीट लिहिलं" यावर जोर आहे. एका पानाचं मोघम प्रोव्हिजनल म्हणजे रिकाम्या डब्याला कुलूप, कारण त्यात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. पेपरचा ड्राफ्ट असेल तर तो आख्खा घाला, आकृत्यांसकट. फी ऑनलाइन भरली तर व्यक्ती, स्टार्टअप, लघु उद्योग आणि मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये, इतरांना ८,०००. संशोधन संस्था "शैक्षणिक" मधे बसते का ते आधी तपासा, नावात "इन्स्टिट्यूट" असणं पुरत नाही.

शोध आणि क्लेम

फाइल करायच्या आधी एक आठवडा, असं काही आधी कोणी केलंय का ते शोधायला द्या. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट, वायपोचं पेटंटस्कोप आणि भारतीय अर्जांसाठी पेटंट ऑफिसचं इनपास, सगळं फुकट आहे. नुसतं "लेप्टोस्पायरोसिस टेस्ट" टाकून बघू नका, प्रोटीनचं नाव, त्याची जुनी नावं, अँटिबॉडीचे सिक्वेन्स, कंपन्यांची नावं, सगळं फिरवून बघा. आपल्यासारखं काही सापडलं की लोक नाराज होतात. अहो उलट बरं, आता सापडलं तर क्लेम त्याच्या बाजूने वळवता येतो, परीक्षकाला सापडलं तर अडकायला होतं.

आता क्लेम. कशाला पेटंट मिळत नाही ते सांगणारं आपल्या कायद्याचं कलम ३ आरोग्याच्या शोधांना म्हणजे खड्ड्यांचा रस्ता, नीट बघून गाडी घालावी लागते.

३(आय): माणसावर करायच्या उपचाराची, शस्त्रक्रियेची, निदानाची पद्धत पेटंट होत नाही. म्हणजे "रुग्णाला लेप्टो आहे का ते ओळखायची पद्धत" असा क्लेम लिहिला की आक्षेप आलाच समजा. पण पट्टी, किट, त्यातली अँटिबॉडी, ती पट्टीवर बसवायची रीत, किट बनवायची प्रक्रिया, हे वस्तूंचे आणि त्या बनवायच्या रीतीचे क्लेम आहेत, त्यांना हे कलम आडवं येत नाही. तीच गोष्ट शस्त्रक्रियेची, टाका घालायची नवी पद्धत नाही, टाका घालायचं नवं उपकरण हो.

३(सी): निसर्गात जे आहे ते शोधून काढलं म्हणजे शोध लावला असं नाही. जंतूचं प्रोटीन जसंच्या तसं तुमचं नाही. लॅबमधे घडवलेली, सिक्वेन्स सांगता येईल अशी अँटिबॉडी असेल तर बोलायला जागा आहे.

३(डी) औषधवाल्यांसाठी. माहीत असलेल्या रेणूचं नवं रूप आणलं, नवा क्षार, नवा स्फटिक, तर परिणामकारकता खरंच वाढली हे दाखवावं लागतं. नोव्हार्टिसचं ग्लिव्हेक सुप्रीम कोर्टात १ एप्रिल २०१३ ला यावरच अडलं, आणि कोर्टाने औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा गुण असं धरलं, नुसतं जास्त विरघळतं, जास्त टिकतं हे पुरलं नाही. तेव्हा तुलनेचा डेटा फाइल करतानाच हाताशी असू द्या.

३(ई) आणि ३(पी): दोन गोष्टी नुसत्या एकत्र केल्या तर नाही, एकत्र केल्यावर बेरजेपेक्षा जास्त काही होतं हे दाखवा. आणि पारंपरिक ज्ञान तर नाहीच. आयुर्वेदिक काढ्यातल्या वनस्पतीवर काम करणाऱ्यांनी हळदीची गोष्ट आठवावी. जखम भरायला हळद, असं अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला पेटंट मिळालं होतं, डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने जुने संदर्भ काढून लढून ते १९९७ मधे रद्द करून घेतलं. आता तेच संदर्भ पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल लायब्ररीत आहेत आणि आपला परीक्षकही तिथेच बघतो, आपल्याच अर्जासाठी.

३(के) फक्त एवढंच सांगते, एक्सरे वाचणारं एआय केलं असेल तर नुसता अल्गोरिदम चालत नाही, एजंटशी बसून ठरवा.

जंतू भारतातला असेल तर

हे लोक हमखास विसरतात. तुमचे लेप्टोस्पायरा भारतातल्या रुग्णांतून वेगळे केलेले असतील तर ते जैविक संसाधन आहे. माणसाचं जनुकीय साहित्य जैवविविधता कायद्यात येत नाही, पण जंतू येतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय संस्थेला पेटंट मिळायच्या आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि पेटंटच्या अर्जाच्या फॉर्म १ मधेच तसं जाहीर करायचं असतं. सगळं झाल्यावर केवळ या कागदासाठी फाइल अडून बसलेली मी पाहिलीये.

शोधच नव्या जंतूवर उभा असेल आणि तो शब्दांत पुरेसा सांगता येत नसेल तर बुडापेस्ट कराराखालच्या संग्रहात जमा करावा लागतो, चंदीगडला एमटीसीसी आहे, पुण्यात एनसीसीएसकडेही सोय आहे. जमा करणं फायलिंगच्या तारखेच्या आत, आणि त्यांना तपासायला वेळ लागतो, तेव्हा आदल्या दिवशी कुपी घेऊन धावू नका.

परदेशी सहकारी असेल तर कलम ३९ पण बघा. भारतात राहणाऱ्या शोधकाला परवानगीशिवाय आधी परदेशात फाइल करता येत नाही, एकतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्या, नाहीतर आधी भारतात फाइल करून सहा आठवडे थांबा. तिकडचं विद्यापीठ प्रेमाने म्हणतं "आम्ही करतो सगळं, तुम्ही फक्त नावं द्या", आणि आपण खुशीत देतो. नियम मोडला तर भारतातला अर्ज सोडून दिला असं धरतात आणि शिक्षेची तरतूदही आहे.

फाइल केल्यावर

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, सगळं ऑनलाइनच असतं. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. पण नुसतं फाइल करून कोणी तपासत नाही, फॉर्म १८ भरून तपासणी मागावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनंतर केलेल्या अर्जांना त्याची मुदत पहिल्या फायलिंगच्या तारखेपासून ४८ वरून ३१ महिन्यांवर आलीये. जुन्या हिशोबाने कॅलेंडर लावलेलं असेल तर आजच बदला, ही मुदत गेली की अर्ज गेला.

सरकारी संस्थांना एक सवलत आहे जी फार कमी जण वापरतात, फॉर्म १८ए चा जलद मार्ग. सरकारच्या मालकीच्या किंवा बहुतांश सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्थांना २०१९ पासून तो मिळतो, फी जास्त पडते पण किट बाजारात न्यायची घाई असेल तर वसूल होते.

मग पहिला परीक्षण अहवाल येतो, एफईआर म्हणतात. तो वाचून पहिल्यांदा सगळेच हबकतात, कारण नवीनता नाही, कल्पकता नाही, कलम ३ लागतं, सगळं एकदम लिहिलेलं असतं. घाबरू नका, बहुतेकांना असाच येतो. उत्तराला सहा महिने, वाढवून घेतले तर आणखी तीन. इथे संशोधकाने एजंटवर सोडून मोकळं होऊ नये, डी१ आणि तुमच्या अँटिबॉडीत नेमका फरक काय हे एजंटपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. तापाच्या दुसऱ्या दिवशीच्या सॅम्पलमधे जुनी टेस्ट निगेटिव्ह आणि तुमची पॉझिटिव्ह आली असं एक टेबल दहा पानांच्या युक्तिवादाला भारी पडतं.

परदेशात हवं असेल तर पहिल्या फायलिंगच्या तारखेपासून बारा महिन्यांत पीसीटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्ज. त्याने जगाचं पेटंट मिळत नाही, प्रत्येक देशात जायला आणखी वेळ मिळतो एवढंच, बहुतेक ठिकाणी तीस महिन्यांपर्यंत. तोवर पैसे देणारा कोणी सापडला नाही तर सोडून द्या, ग्रँटच्या पैशात दहा देश होत नाहीत.

पेटंटचं करायचं काय

भिंतीवर लावायचं असेल तर फ्रेम स्वस्त मिळते. वापरात आणायचं असेल तर कंपनी शोधायला फाइल केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागा, पेटंट मंजूर होईपर्यंत थांबू नका. सरकारी पैशातून आलेल्या गोष्टी बाजारात पोचल्यात त्या अशाच कोणाच्या तरी हातातून. सीडीआरआयची सहेली ही गर्भनिरोधक गोळी, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्राची हृदयाची झडप जी टीटीकेने बनवली, एम्सला नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई स्ट्रेनवरून आलेली रोटाव्हॅक, २०२० मधे एनआयव्हीने केलेली आणि झायडसने बनवलेली कोविड कवच एलायझा टेस्ट.

लायसन्सच्या करारात रॉयल्टीच्या टक्क्यांवर सगळे भांडतात आणि त्याहून महत्त्वाची ओळ सुटते, ती म्हणजे कंपनीने इतक्या वर्षांत किट बाजारात आणलं नाही तर हक्क परत येणार. ती ओळ घालाच. एकट्या कंपनीलाच द्यायचं की अनेकांना, हे गोष्टीवर ठरवा. पट्टीची टेस्ट चार जण बनवू शकतात, पण ज्याला मोठ्या ट्रायल करायला लागणारेत तो एकट्याचा हक्क मागणारच. किमतीबद्दल आणि सरकारी खरेदीबद्दलची अटही इथेच बसते, नंतर कोणी ऐकत नाही. करार लिहायला संस्थेत कोणी नसेल तर एनआरडीसी ही सरकारी कंपनी आहे, १९५३ पासून हेच काम करतं. किटच्या मंजुरीचा रस्ता, म्हणजे सीडीएससीओ ही केंद्राची औषध नियंत्रण संस्था, २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम, व्हॅलिडेशन कुठे करायचं, हे कळत नसेल तर आयसीएमआरच्या मेडटेक मित्रला विचारा.

पेटंट मंजूर झाल्यावरही दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी लागू होते आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाते, आणि पेटंट वापरात आहे की नाही ते सांगणारा फॉर्म २७, जो आता दर वर्षी नाही तर तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा. प्रोजेक्ट संपलेला असतो, प्रोजेक्टचे प्रमुख निवृत्त झालेले असतात, ती मुलगी आता दुसऱ्या शहरात प्राध्यापक असते, आणि आठवण करून देणारी ईमेल ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता त्या प्रोजेक्ट असिस्टंटचा असतो जो २०१९ मधे नोकरी सोडून गेला. तेव्हा अर्जातला पत्ता माणसाचा देऊ नका, पदाचा द्या.